एरोटिल्देसचं कांदळवन

आमच्याकडे आरातू पकडायला गळा लागतो. हा तांबडा खेकडा भारी चौकस. खाडीतल्या तिवराच्या मुळांवर बसून बादलीवर ताल धरायचा, गुणगुणायचं, की काय चाललंय ते बघायला तो बाहेर येतो आणि दोरीच्या आमिषाला धरतो. एरोटिल्देस गायला लागली की दहा-दहा यायचे. मी गायले की आलेलेही पळायचे, असं ती चारचौघींत सांगायची आणि वर हसायची. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला ती धर्ममाता म्हणून उभी राहिली, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. त्यामुळे मी ऐकून घ्यायचे.

नवरा गेल्यावर तिने तीन मुलं वाढवली ती खाडीच्या एका वळणावरचे खेकडे विकून.

मग एका ऑक्टोबरात समुद्रातून तेल आलं. कोणत्या जहाजाचं, ते आम्हाला कोणी धड सांगितलं नाही. आधी वाळूवर काळे गोळे दिसले, मग भरतीबरोबर तेल खाडीत शिरलं आणि तिवराच्या मुळांना डांबर फासल्यासारखं झालं. सरकारी माणसं येणार, येणार म्हणून चार दिवस गेले. पाचव्या दिवशी एरोटिल्देस चर्चसमोर उभी राहून ओरडली, "कोणाची वाट बघताय गं? आपल्या सेलेस्तेचं छप्पर उडालं तेव्हा बघितली होती कोणाची? चला, उठा!"

आमच्या गावात अशी हाक आली की घरटी एक माणूस जातंच. आम्ही चाळीस बायका त्या वळणावर गेलो. अनवाणी, कारण चपला घालून मुळांवर कोणी चढत नाही. घरातल्या सुऱ्या, कालथे, करवंट्या घेऊन एकेक मूळ खरवडलं, पोती भरली, चिखलातून ओढत बाहेर काढली. नऊ दिवस, नऊ ओहोट्या. तेलाच्या वासाने डोकं भणभणायचं, हातांना फोड आले. समोरच्या बेटावरही तेल होतं, पण तिकडे कोणी फिरकलं नाही, तिथे होडी लागत नाही. शेवटच्या दिवशी एरोटिल्देसने सगळ्यांना मासे रांधून घातले. मला तिचा फार अभिमान वाटला होता.

दीड वर्षात आमच्या वळणावरची तिवरं वाळली. बेटावरची पालवली.

विद्यापीठातून नेउसा नावाची बाई आली. तिने चिखलात नळी खुपसून वर काढली. वर साधा गाळ, खाली वीतभर काळा थर, आणि तोच वास.

"इथे कोण चाललं होतं?"

"आम्ही सगळ्या," एरोटिल्देस म्हणाली. "साफ केलं ना आम्ही."

 नेउसा हळू आवाजात म्हणाली, "दोना एरोटिल्देस, वरचं बरंचसं तेल भरती-ओहोटीने धुऊन नेलं असतं. पायांनी तुडवून ते चिखलात खाली गेलं. खाली हवा नाही, तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. हे तुम्हाला तेव्हाच कोणीतरी सांगायला हवं होतं."

"कोण आलं होतं सांगायला?" मी भडकले. "आता नळ्या घेऊन येताय!"

 रविवारी बायका जमल्या तेव्हा एरोटिल्देस उभी राहिली. "तुम्हाला मी नेलं. शिव्या द्यायच्या त्या मला द्या. पण आता त्या वळणात कोणी पाय टाकायचा नाही. मीसुद्धा नाही."

"मग खायचं काय, दगड?" सेलेस्तेने विचारलं.

"वरच्या खाडीत चला. लांब आहे, पण होडी मी वल्हवीन."

एकसष्टाव्या वर्षी ती होडी वल्हवायला लागली. आज चार वर्षं झाली. वळणापाशी आलं की ती पलीकडच्या काठाने जाते.

गेल्या महिन्यात नेउसा पुन्हा आली. वळणात नवी रोपं दिसत होती. "चिखलावर फळ्या टाकून जाऊ, चला की तुम्हीही," ती म्हणाली. मीही म्हटलं, "कोमाद्रे, नुसती बघून ये. पाच मिनिटं."

"तिला मोजू दे," एरोटिल्देस म्हणाली आणि होडीतच बसून राहिली.

बऱ्याच वेळाने आतून नेउसाची हाक आली, "त्रेचाळीस!"

एरोटिल्देसचे डोळे भरून आले. "कुठे कुठे आहेत?" तिने ओरडून विचारलं.

"काठाने सगळीकडे!"

"आणि मधे? त्या जाड बुंध्याभोवती?"

"तिथे अजून एकही नाही!"

एरोटिल्देसने मान हलवली. "तिथे मी उभी होते," ती मला म्हणाली. "नऊच्या नऊ दिवस."