धोंडूच्या पायातला खिळा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोर नाही. आता बोलतोय.

मी अर्ध्या मैलाचा धावणारा. कोलंबो, सिंगापूर — गोऱ्यांना मागं टाकून आलो. लालबागेत लोकांनी खांद्यावर घेतलं. पण माझ्याहून वेगवान एक होता. धोंडू. करी रोडला आमच्याच चाळीत खालच्या खोलीत राहायचा, माझ्याच गिरणीत कामाला. आम्ही बरोबरच धावायचो, अनवाणी, आणि शेवटच्या शंभर पावलांत तो पुढं निघून जायचा — दरवेळी. गिरणीच्या साहेबाला शर्यतींचा नाद. कोलंबोला एकालाच नेणार होता. धोंडूला.

आगबोट सुटायला पंधरवडा राहिला, आणि गिरणीच्या आवारात धोंडूच्या तळव्यात खिळा घुसला. मीच उपटून काढला. जखम वरून मिटली, पण जांघेत अवधाण आलं, गाठ सुजली, अंगात कणकण. एरवी कुणी लक्ष दिलं असतं का? पण ते गाठीच्या तापाचं, प्लेगचं साल; त्यातही गाठ जांघेतच यायची. अर्धी चाळ कोकणात पळालेली, धोंडूची आईही गावी. तपासणीवाले आले. डॉक्टरचा हात त्याच्या जांघेशी थांबला.

खिळा लागलाय, खिळा लागलाय, धोंडू सांगत राहिला. त्या राठ तळव्यावर कुणाला काही दिसेना. मी जिन्यात उभा होतो.

"सांग ना रे यांना. तूच काढलास ना?"

सगळे माझ्याकडे वळले.

"मला काय ठाऊक नाय," मी म्हणालो.

डोलीत घालून नेला त्याला.

मी भ्यालो होतो, असं स्वतःला सांगत आलो. ओळख दाखवली असती तर मलाही त्याच्या संगतीतला म्हणून प्लेगच्या छावणीत टाकलं असतं — खरं आहे. पण भीती नंतर आली. आधी मनात आलं — आता कोलंबोला मी.

इस्पितळात त्याला खऱ्या रोग्यांत ठेवला. तिथं त्याला खराच ताप लागला. सहाव्या दिवशी गेला.

गोदीवर बोटीत चढताना डॉक्टरनं माझी काख, जांघ चाचपली. त्यानं दोनदा नाडी पाहिली. मग म्हणाला, जा.

जिंकून आलो तेव्हा धोंडूची आई गावाहून परतली होती. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "कोण सांगणारा असता तर सोडला असता रे त्याला. तू नव्हतास काय तेव्हा?"

"नव्हतो, काकी."

ती पुढं बरीच वर्षं जगली. रोज सकाळी नळावर भेटायची. मी सांगितलं नाही.