माझाच हार, माझंच उपोषण

आता हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. निदान चहा संपेपर्यंत तरी नाही. लोक चुकून भलत्या बसमध्ये चढतात, चुकून दुसऱ्याच्याच लग्नात जेवून येतात. मी चुकून उपोषणाला बसलो. आणि तेसुद्धा मिसळ सांगून!

झालं असं की शिक्षकांचा संप लागला आणि आमच्या ओवीची शाळा बंद झाली. ओवी म्हणजे माझी मुलगी, चौथीत. शाळा सरकारी, आमच्या झेंडूच्या मळ्याला लागून. मी पण तिथेच शिकलो, त्यामुळे शाळेच्या दर्जाबद्दल मी काही बोलणार नाही.

दोन खोल्या. त्यातली एक पावसाळ्यात आतून भिजते आणि उन्हाळ्यात प्लास्टर टाकते. म्हणून तिसरी आणि चौथी एकाच खोलीत. फळ्यावर मधोमध खडूची रेघ. रेघेच्या इकडे तिसरी, तिकडे चौथी. आणि दोन्हीकडे वैशाली मॅडम, एकट्याच. मलाही त्यांनीच शिकवलं. त्यांना एका कानाने पाढे आणि दुसऱ्या कानाने कविता ऐकता येते. मधेच खिचडी उतू गेली तर तेही कळतं.

पहिले दोन-तीन दिवस ओवी खूश. मग माझी बायको रूपाली म्हणाली, "अहो, स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर आलीय. मॅडम येईपर्यंत तुम्ही शिकवा."

मी? बरं. शिकवलं.

"पप्पा, गोदावरी कुठे उगम पावते?"

"त्र्यंबकेश्वरला. वर डोंगरावर एका काकांनी नळ चालू सोडला आणि घरी निघून गेले."

माझा प्रॉब्लेम काय आहे, मी थट्टा करताना हसत नाही. पोरीने ते वहीत लिहिलं. खाली पट्टीने रेघसुद्धा मारली!

संध्याकाळी रूपालीने वही पाहिली. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

"सकाळी संपाच्या मांडवात जायचं," ती म्हणाली, "आणि मॅडमना विनंती करायची की रोज तासभर तरी पोरीकडे बघा. नीट बोलायचं. खोड्या नकोत."

आता मला कोणी 'खोड्या नकोत' म्हटलं की माझ्या डोक्यात नेमकं काय सुरू होतं, तुम्हाला माहीतच आहे.

मी मळ्यातल्या झेंडूचा असा जाड हार केला की बैलाला घातला असता तर बैल खाली बसला असता. मग अस्लमला रिक्षासकट उचललं. अस्लम माझा दोस्त, त्याची झोया ओवीच्याच वर्गात.

"तू फक्त शूटिंग करायचं," मी म्हटलं. "सुट्टी यशस्वीरीत्या पार पाडल्याबद्दल मॅडमचा पालकांतर्फे जाहीर सत्कार! पालकांच्या ग्रुपवर टाकू."

"अबे, मॅडम आहेत त्या. तुझे कान पिळलेत त्यांनी."

"म्हणूनच तर."

"मेरा नाम मत ले, बस. आणि नंतर मिसळ तुझ्याकडून."

सरकारी ऑफिससमोर मांडव होता. वर भला मोठा बॅनर: रिक्त जागा भरा, वर्गखोल्या दुरुस्त करा, शिक्षकांना शिकवू द्या. खाली सतरंजीवर शिक्षकच शिक्षक. स्टेजवर एक पांढरी गादी, लोड, आणि गादी रिकामी. एक सर माईक धरून घामाघूम झाले होते.

"चांदवडचे सर पोचतीलच! द्वारका चौकाच्या सिग्नलला अडकलेत!"

"एक तास झाला, द्वारकेलाच आहेत," मागून कोणीतरी म्हणालं.

मला काय कळणार कोण सर, कशाला पोचतायत? मला मोकळा माईक दिसला. मी सरळ स्टेजवर.

"नमस्कार! मी एक पालक. आज वैशाली मॅडमना हार घालायला आलोय!"

टाळ्या! मॅडम पहिल्याच रांगेत. वर आल्या. माझ्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं, खाली मोबाईल धरून उभ्या असलेल्या अस्लमकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. तीस पोरांतून खडू कोणी फेकला हे पाठमोरं ओळखणारी बाई!

"सोमनाथ," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मान तुझा, रे."

आणि हार माझ्याच गळ्यात!

आता मला सांगा, आपल्याकडे कोणी गळ्यात हार घातला तर माणूस काय करतो? मान वाकवतो. मी वाकवली. त्यांनी गादीकडे बोट केलं, मी बसलो. कोणीतरी टिळा लावला. मला वाटलं, चला, आदर्श पालक म्हणून आपलाच सत्कार झाला! माईकवाले सर तर गहिवरलेच होते.

"दोन शब्द बोला," ते म्हणाले.

दोन कशाला? मी सुरू झालो. थट्टाच करणार होतो, आईशप्पथ. पण ती खडूची रेघ सांगायला लागलो आणि गाडी भलतीकडेच गेली. "एका बाईने दोन वर्ग शिकवायचे, वरून गावातली माणसं मोजायची, खिचडीचे तांदूळ मोजायचे, आणि मग आम्ही विचारायचं की पोरगी मागे का! अहो, मी एका पोरीला एक दिवस शिकवलं तर गोदावरीला नळ बसवला!"

हशा, टाळ्या, शिट्ट्या. मला चढली. मी हात वर करून ओरडलो, "मागण्या मान्य होईपर्यंत मी या गादीवरून उठणार नाही!"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. मॅडमही टाळ्या वाजवत होत्या. जरा जास्तच.

तेवढ्यात अस्लम मिसळीची प्लेट घेऊन स्टेजकडे आला. तर्री, वर कांदा, शेजारी पाव. मी हात पुढे केला, आणि चार गुरुजी मधे पडले.

"अहो, काय करताय! उपोषणकर्ते आहेत ते!"

"कोण?" मी विचारलं.

"तुम्ही!"

तेव्हा मला कळलं. साखळी उपोषण! रोज एक माणूस, सकाळी हार घालून गादीवर, संध्याकाळी मोसंबीचा रस घेऊन मोकळा. आजचे चांदवडवाले सर द्वारकेला अडकलेले, आणि मी स्वतःचा हार स्वतः आणून त्यांच्या जागी बसलेलो.

मी मॅडमकडे बघितलं.

"मॅडम, मी उठू का?"

"विचारून उठायची सवय तुला कधीपासून लागली? खाली बस."

बसलो. चौतीस वर्षांचा घोडा, पण पाय आपोआप मांडी घालतात हो! अस्लमने समोरच्या फुटपाथवर बसून मिसळ खाल्ली. मग माझ्याही वाटणीची खाल्ली. शूटिंग मात्र बंद केलं नाही, हरामखोराने.

दुपारी रूपाली स्कूटीवरून आली, मागे ओवी. व्हिडिओ बघितला होता.

"अहो, तुम्ही उपोषणाला? संकष्टीला गोठ्यामागे भजी खाणारे तुम्ही?"

"हळू बोल, माईक चालू आहे."

माईक खरंच चालू होता.

पण पुढे जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. वैशाली मॅडमनी ओवीला जवळ घेतलं, वही उघडली. शेजारच्या भूगोलाच्या सरांनी वाकून बघितलं. "बाळा, हे काका कोण?" ओवीने स्टेजवरच्या हाराकडे बोट दाखवलं. सर उठले आणि सतरंजीवर खडूने अख्खी गोदावरी काढून दाखवली. मग गणिताचे सर पुढे सरकले. मग एक व्याकरणवाल्या बाई. मला वाटतं इतके दिवस फळ्याशिवाय राहून त्यांचे हात शिवशिवत होते. एका पोरीभोवती वीस शिक्षक! एक जण अपूर्णांक सांगतोय, दुसरा म्हणतोय, "सर, माझा नंबर आहे!" ओवी मधे महाराणीसारखी बसलेली. तिच्या शाळेत अर्धी मॅडम वाट्याला येते, इथे वीस अख्खे!

मी वर गादीवर, पोटात कावळे, आणि खाली पोरगी खदखदा हसत अपूर्णांक सोडवतेय. सांगू का? बरं वाटलं.

चांदवडचे सर पाच वाजता पोचले. जेवून आले होते.

मग रस द्यायची वेळ झाली. माईकवाले सर म्हणाले, उपोषण कन्येच्या हस्ते सुटेल. ओवीने ग्लास माझ्या तोंडाला लावला, टाळ्या पडल्या, आणि ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पप्पा, इथे एकदम भारी शिकवतात. उद्या पण उपाशी राहाल ना?"

माईक अजून चालूच होता. मी काही बोलायच्या आत खालून रूपालीचा आवाज आला.

"राहतील की! मी डबाच नाही करणार."