दीड क्विंटलचा नवरदेव

नवरदेव सोयाबीनच्या काट्यावर उभा होता आणि अडत्याचा माणूस चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहत होता. दीड क्विंटलला थोडं कमी भरलं. मी म्हटलं, "उतरा खाली. बुकिंग कॅन्सल."

माझा धंदा लग्नात घोडी देण्याचा. दारव्ह्यात आधी सासऱ्यांनी केला, मग नवऱ्याने. तो गेल्यावर मी करते. मुलगा सलीम लगाम धरतो, बाकी सगळं मी पाहते. घोडी एकच आहे, चांदनी. लोकांना वाटतं घोडी म्हणजे जीप, बसतील तितके बसवा. नवरदेवाचं वजन, वर खोगीर, त्यावर शेरवानी, आणि पुढ्यात हट्टाने बसवलेला कोणाचा तरी भाचा, हे सगळं एका पाठीवर येतं. एक क्विंटलच्या वर मी कोणाला बसवत नाही. पाठ गेली की घोडी गेली, आणि घोडी गेली की आम्ही बसलो घरी.

बुकिंग मेश्राम भाऊंचं होतं. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आमच्याच मोहल्ल्यामागे राहतात. घोडी नवऱ्याकडचे लोक ठरवतात. पण यांचा जावई अमेरिकेचा, त्याच्याकडचे येणार इनमीन चार जण, म्हणून भाऊंनीच ठरवली. जावई खेळाडू आहे असं सांगितलं होतं. मी आपला क्रिकेटवाला धरला, काटकुळा. लग्नाच्या आदल्या दिवशी तो समोर आला तेव्हा माझ्या दाराची चौकट भरून गेली. नाव सिओने. नमस्कार केला तर मला त्याच्यामागचं काही दिसेना. मी तशीच उठले आणि त्याला अडत्याकडे घेऊन गेले.

मेश्राम भाऊ काट्याजवळच गयावया करायला लागले. "सुगराबी, असं नोका करू. पाच मिनिटं तं बसू द्या. चौकातून घरापर्यंत."

"पाच मिनिटांत पाठ मोडते, भाऊ."

"मोठी घोडी नाई का कोणाकडं?"

"याच्या मापाचा हत्तीच पाहावा लागेल."

त्यांचा पुतण्या जेसीबी चालवतो. तो म्हणाला, काका, पुढच्या बकेटमध्ये उभा करू, आजकाल तसंच करतात. भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा सांगायला निघून गेला. यवतमाळहून बग्गी आणा, असं मी सुचवलं. त्यालाही नाही. घोडीच पाहिजे.

घोडीच का, ते मला ठाऊक होतं. भाऊंचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा मी या घरात नवी होते. सासऱ्यांनी घोडी सजवून भाऊंच्या गावी नेली. वरात गावातल्या मोठ्या घरांसमोरून जाणार होती. आमच्या दारासमोरून यांच्या जातीचा नवरदेव घोडीवर बसून जाणार नाही, असं तिथल्या चार लोकांनी सांगितलं. घोडी वेशीवरूनच परत आली. सजलेली गेली आणि सजलेलीच परत आली. मेश्राम भाऊ पायी चालत मंडपात गेले. तेच लोक, म्हणजे आता त्यांची मुलं, उद्या जेवायला येणार होती. भाऊंनी घरोघरी जाऊन पत्रिका दिल्या होत्या. भाऊंना भांडायचं नव्हतं. आपल्या दारासमोर घोडी यावी आणि ती त्या लोकांनी पाहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याने घोडीच्या पाठीला बळ येत नाही.

मग सिओने पुढे आला. त्याने घोडी दाखवा म्हटलं. आम्ही सगळे माझ्या अंगणात आलो. भाऊंची बायको कमलबाईही आल्या. मुलगी प्रज्ञा, म्हणजे नवरी, अमेरिकेतल्या दवाखान्यात हाडं-सांध्यांचे व्यायाम शिकवते. तीच त्याचं बोलणं आम्हाला सांगत होती. त्याने आधी चांदनीला हात हुंगू दिला, मग पाठीवर तळवा ठेवला, आणि मान हलवली.

"खाला, ते म्हणतात मी हिच्यावर बसणार नाही," प्रज्ञा म्हणाली. "त्यांच्या आजोबांकडं घोडा होता."

हे मला आवडलं. मी विचारलं, तुमच्याकडेही लग्नात घोडा असतो का.

प्रज्ञाने विचारलं. त्याने उत्तर दिलं. ती म्हणाली, "असतो म्हणतात. जेवणात."

सलीमच्या हातातली बादली सुटली. मी चांदनीची दोरी ओढून तिला अलीकडे बांधलं. सिओने हसला आणि मग सांगायला बसला. खुर्चीवर नाही, खुर्ची मीच दिली नाही. ओट्यावर.

त्याचा जन्म टोंगाचा. समुद्रातली बारकी बारकी बेटं आहेत, चहूकडे पाणी. आजोबांचा घोडा नारळ वाहायचा आणि हा त्याच्यावर बसून फिरायचा. काकाचं लग्न निघालं आणि तो घोडा पंगतीत आला. तिथे तशी रीत आहे, मानाचं जेवण मानतात. हा त्या दिवशी जेवला नाही.

पुढे बाप सगळ्यांना घेऊन अमेरिकेला गेला. तिथे लोकांच्या अंगणातलं गवत कापायचं, झाडं तोडायची, ओंडके वाहायचे. पोरगा बापाबरोबर ओंडके वाहून असा झाला. शाळेच्या कोचने त्याला फाटकातून आत येताना पाहिलं आणि खेळ येतो की नाही हे न विचारताच टीममध्ये घेतलं.

खेळाचं नाव फुटबॉल, पण पायाने कमी खेळतात. मला समजलं ते असं. अकरा इकडे, अकरा तिकडे. एकाकडे चेंडू असतो. समोरचे त्याला पाडायला धावतात, कबड्डीत पकडतात तसं, पण पळत येऊन. त्याच्यापुढे पाच जाडी माणसं ओळीने उभी असतात. त्यांचं काम एकच, त्याला हात लागू द्यायचा नाही. सिओने त्या पाचांतला.

"आणि तुम्ही चेंडू कधी घेता?" मी विचारलं.

"घेत नाही. सगळ्या नोकरीत एकदा हातात आला, तोही चुकून."

"मग नाव कोणाचं होतं?"

"चेंडूवाल्याचं. आमचं काही चुकलं तरच पंच माईकवर आमच्या पाठीवरचा नंबर सांगतात."

शाळेतून कॉलेज, कॉलेजातून पगारी टीम. पहिल्या टीमने थोड्याच दिवसांत घरी पाठवलं. मग एका गोदामात फर्निचर चढवायचं काम केलं. तिथेच दुसऱ्या टीमचा फोन आला, त्यांचा माणूस जखमी झाला होता. तिथे टिकला, चांगली बरीच वर्षं खेळला, बापाला घर घेऊन दिलं. मग एक गुडघा गेला, ऑपरेशन झालं. दुसरा गेला, तेव्हा प्रज्ञा भेटली. ती त्याला रोज रडवायची, असं तो म्हणाला. आता शाळेतल्या पोरांना तेच ओळीत उभं राहणं शिकवतो.

कसं उभं राहता ते दाखवा, असं मी म्हटलं. तो अंगणात उतरला. गुडघ्यात वाकला, हात छातीपुढे धरले आणि उलटा चालायला लागला. मागे न पाहता बारीक बारीक पावलं, पायात पाय नाही. मागे हौद होता, तोही न पाहता चुकवला. एवढा मोठा माणूस, पण पायाचा आवाज नाही.

इथे आमच्या कामाची एक गोष्ट सांगते. घोडीबरोबर दोन माणसं लागतात. एक लगाम धरतो, त्याला सगळे ओळखतात. दुसऱ्याला आम्ही पुढचा म्हणतो. तो घोडीकडे तोंड करून उलटा चालतो. नाचणारी गर्दी त्याच्या पाठीला असते आणि नजर घोडीच्या कानांवर. कान मागे पडले की घोडी घाबरली. तेव्हा त्याने पाठीनेच गर्दी मागे लोटायची. माझा नवरा हे काम करायचा. तो गेल्यापासून मी भाड्याने माणूस आणते आणि तो चौकात पोहोचेपर्यंत वरातीतल्या लोकांबरोबर पिऊन नाचायला लागतो.

मी प्रज्ञाला म्हटलं, "याला विचार, माझ्याकडे नोकरी करतो का."

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. "तुमची मजा होऊन राह्यली. बसणार कोण घोडीवर?"

"तुम्हीच बसा," मी म्हटलं. "साठ किलोचे असाल नसाल."

मी ते वैतागून बोलले होते. भाऊ चिडले. नवरीचा बाप घोडीवर बसतो का कुठे, लोक हसतील, म्हातारा दुसरं लग्न करून राह्यला म्हणतील. मी म्हटलं म्हणू द्या, नाहीतर घोडी घरीच राहील. पुन्हा तेच सुरू झालं असतं. पण कमलबाई म्हणाल्या, "बसा ना. मागच्या वेळेस पायी आलते."

प्रज्ञाने हळू आवाजात सिओनेला सगळं सांगितलं, वेशीवरून परत आलेल्या घोडीसकट. त्याने ऐकून घेतलं आणि भाऊंकडे बोट दाखवलं.

"बाबा, ते म्हणतात चेंडू तुमच्याकडं. ते पुढं राहतील."

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. मेश्राम भाऊ खोगिरावर ताठ बसले, एसटीच्या सीटवर बसायचे तसे, आणि रिकिबीत पाय दाबून ब्रेक शोधत होते. फेटा त्यांना, हार त्यांना. सिओनेला शेरवानी कुठे मिळाली नव्हती, म्हणून पांढरा झब्बा शिवून घेतला होता. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. एक बाई म्हणाली, नवरदेवाचे केस पिकले गं. भाऊंचा जुना कंडक्टर ओरडला, "मेश्राम, घोडीले रिव्हर्स नाई बरं." भाऊ मान न वळवता म्हणाले, "तिकीट काढ आधी."

चौकात भाऊंच्या गावचे ते लोक जीपमधून उतरून एका बाजूला उभे होते. नेमकं तिथेच कोणीतरी फटाक्यांची लड लावली. फटाके नाहीत, असं मी बुकिंगच्या वेळीच बजावते. कोणी ऐकत नाही. चांदनीचे कान मागे गेले, पुढचे पाय उचलले गेले, आणि नाचणारी पोरं तिच्या खुरांपासून हातभर अंतरावर होती. सलीम लगामाला लटकला. भाऊंनी आयाळ धरली.

सिओनेची नजर कानांवरच होती. तो गुडघ्यात वाकला, दोन्ही हात पसरले आणि घोडीकडे तोंड ठेवूनच मागे सरकला. पाठीला जेवढे होते तेवढे सगळे मागे गेले, डीजेवाल्याच्या गाडीपर्यंत. कोणी पडलं नाही. घोडीला पाय ठेवायला जागा मिळाली. ती उतरली, फुरफुरली, आणि चालायला लागली.

त्या जीपवाल्यांतल्या एकाने भाऊंना हात जोडले. तो त्या चार जणांतल्याच एकाचा मुलगा होता, असं नंतर कळलं. भाऊंना नमस्कार करता आला नाही, दोन्ही हात आयाळीत होते. त्यांनी मान हलवली. पुढे दारासमोर कमलबाई फुलं घेऊन उभ्या होत्या. नवऱ्याला खालून वरपर्यंत पाहून त्या म्हणाल्या, "उशीर केला." मग ओंजळभर फुलं त्यांच्यावर टाकली आणि उरलेली जावयावर.

लग्न बुद्धवंदना घेऊन नीट लागलं. जेवणात वांग्याची भाजी आणि बुंदी होती. सिओनेने आधी काय आहे ते विचारून घेतलं, असं प्रज्ञा सांगते. चांदनी परत आली ती गळ्यातला हार अर्धा खाऊन आणि गोंडे पोरांनी उपटलेली. मला सगळं पुन्हा शिवावं लागलं.

फोटो आले तेव्हा वेगळीच गंमत झाली. वरातीच्या एकाही फोटोत नवरदेवाचं तोंड नाही. सगळीकडे मोठी पांढरी पाठ, आणि तिच्या वरून डोकावणारा सासरा. फोटोवाला माफी मागायला लागला. सिओने म्हणाला, त्याचे खेळातलेही सगळे फोटो असेच आहेत. त्यातला एक मोठा करून तो अमेरिकेला घेऊन गेला.

तेव्हापासून मी बुकिंग घेताना नवरदेवाचं वजन विचारते आणि पुढे उलटं कोण चालणार तेही. पहिल्याचं उत्तर सगळे खोटं देतात, म्हणून काटा पाहते. दुसऱ्याचं कोणाला देताच येत नाही.