चार फुटांचं कपाट

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत नव्वद सालानंतर बोहल्यावर चढलेला असा एक तरी माणूस मला दाखवा, ज्याला आमच्या मामांनी "पावणं, हनुवटी जरा खाली" असं सांगितलेलं नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पंचक्रोशीत त्यांना शूटिंगवाले म्हणत. लग्नपत्रिकेत त्यांचं नाव छापत नसत एवढंच, बाकी मांडवात त्यांचा मान भटजींच्या खालोखाल. खरं म्हणजे वरचाच, कारण मामांनी मान हलवल्याशिवाय मंगलाष्टकं सुरू होत नसत. एकदा शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा मामा नेमके कॅसेट बदलत होते. त्यांनी हात वर करून अख्खा मांडव थांबवला आणि शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हणायला लावलं. भटजी कुरकुरले, तेव्हा मामा म्हणाले, "काका, तुमचा मुहूर्त टळला तर देव समजून घील. माझी कॅसेट कोरी राह्यली तर नवरीची आय न्हाई समजून घ्यायची." भटजींनी मुकाट्याने घसा खाकरला.

त्यांचे नियम त्यांनी स्वतःच केले होते आणि ते कुणासाठीही मोडत नसत. पंगतीत माणूस वाढताना दाखवायचा, खाताना दाखवायचा नाही. खाताना भले भले वाईट दिसतात असं त्यांचं ठाम मत होतं, आणि एका माजी सरपंचांनी जिलेबीचं ताट पुढे घेऊन "मला घ्या की राव" म्हटलं तरी मामांनी कॅमेरा वाढप्याकडेच ठेवला. प्रत्येक कॅसेटची सुरुवात नवरीच्या घरच्या आरतीच्या ताटाने करायची, म्हणजे सुरुवात शुभ होते आणि फोकसही लागतो. उंचावरून घ्यायचं असेल तर जे दिसेल त्यावर चढायचं. ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याची टाकी, एकदा तर वरातीतल्या बँडवाल्याचा ढोल. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी स्वतःच्या बंडीच्या आत, छातीशी धरून ठेवायचे, आणि आत्या म्हणायची, "माझ्यासंगं तरी कवा इतक्या मायेनं वागलात?" पण सगळ्यांत मोठा नियम म्हणजे माणूस आहे तसा दिसला पाहिजे. काळ्याला गोरा करणं, बदामात नवरा-नवरी बसवणं, असले चाळे त्यांना खपत नसत. ते चाळे करायला मी होतो.

मी पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवरचं मिक्सिंग शिकून आलो होतो आणि नारायणगावात एका गाळ्यात बसत होतो. मामा शूटिंग करायचे, मी कापायचो, जोडायचो, गाणी टाकायचो. कॉम्प्युटरपुढे बसलेला माणूस चुकू शकतो, ही कल्पनाच त्या काळी आमच्याकडे कुणाला नव्हती. मामांना तर मुळीच नाही. "आमच्या भाच्याकडं मशीन हाय, ते खोटं न्हाई बोलत," असं ते चारचौघांत सांगायचे. आणि मी कसं काम करत होतो ते आता सांगून टाकतो. एका लग्नाचा साचा एकदा करून ठेवला होता, गणपती, सनई, फुलं, सगळं तयार. नवं लग्न आलं की नावं बदलायची आणि नवं शूटिंग त्याच साच्यात ओतायचं.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आत्याने हट्ट धरून मामांना नवा कॅमेरा घ्यायला लावला. जुना म्हणजे खांद्यावरचं धूड होतं आणि मामांचा खांदा दुखायला लागला होता. नव्यात वाईड म्हणून एक बटण होतं. ते चालू केलं की आडवं जास्त मावायचं. मामांनी तीन दिवस गोठ्यात उभं राहून ते पारखलं आणि मला येऊन सांगितलं, "भाचेराव, म्हैस शेपटीसकट बसती! आता कुणाचा मामा, कुणाचा मावसा कडंला कापला जायचा न्हाई." लग्नात कापल्या गेलेल्या नातेवाइकांचे रुसवे त्यांनी पंधरा वर्षं काढले होते, त्यामुळे हा आनंद मला समजला. बटण चालू करूनच त्यांनी पहिलं लग्न घेतलं. मुलगी एका द्राक्षबागायतदाराची, मुलगा आळेफाट्याकडचा, घरचं गॅरेज.

साच्यात ते शूटिंग ओतलं तेव्हा आरतीचं ताट मला अंड्यासारखं दिसलं. हो, दिसलं. माणसंही उभट, लांबट दिसत होती. पण सीडी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मॉनिटरचं काहीतरी असेल, टीव्हीवर नीट दिसेल, असं म्हणून मी पुढे गेलो.

आमच्याकडे लग्नाची सीडी पहिल्यांदा पाहायची म्हणजे दुसरा समारंभच. मुलाच्या पडवीत टीव्ही मांडला होता, दोन्हीकडचे व्याही, चुलते, शेजारी, समोर चिवडा. मानाने मामांना आणि मला पुढे बसवलं होतं. पहिली पाच मिनिटं सगळे चिवडा खात पाहत राहिले. मग मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या पोराला काय उपाशी ठिवलं व्हतं का?" लोक हसले. मुलाचा एक मामा भलता देहाचा माणूस, तो पडद्यावर सडपातळ होऊन आला आणि खूश झाला, "हे बेस जमलंय, परत लावा," म्हणाला. तिथवर सगळं गमतीत होतं. मग रुखवत आलं. मुलीच्या बापाने चार फुटी, म्हणजे चार फूट रुंदीचं लोखंडी कपाट दिलं होतं. पडद्यावर ते एखाद्या बंबासारखं अरुंद, उंच उभं राहिलं. मुलाची एक चुलती पदराआडून म्हणाली, "एवढंच दिलं व्हय?" मुलीचा बाप ताडकन उठला. "चार फुटी हाय! मोजा!" आणि कुणीतरी खरोखरच गॅरेजमधून टेप आणली. आतल्या खोलीत जाऊन भर समारंभात कपाट मोजलं गेलं. भरलं चार फूटच. पण मुलीच्या बापाला भरल्या घरात आपला आहेर मोजून दाखवावा लागला होता. आणि आता सगळे आमच्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "मामांचा कॅमेरा नवा आहे. बटण चुकून दाबलं गेलं असणार."

हे वाक्य म्हणायला मला एक क्षणही लागला नाही, याची लाज मला आजही वाटते. मामांनी माझ्याकडे पाहिलं, तेही रागाने नाही, विद्यार्थी मास्तरांकडे पाहतो तसं. मग उठले, टोपी काढली आणि मुलीच्या बापापुढे हात जोडले. "दादा, चूक माझी हाय. म्हातारपणी नको त्या बटणाला हात लावला." पंधरा वर्षं अख्ख्या मांडवाला हनुवट्या खाली करायला सांगणारा माणूस स्वतःची हनुवटी छातीला लावून उभा होता.

त्यानंतर आठ दिवस मी गाळ्यात झटापट केली. वायर बदलली, प्लेअर बदलला, कॅसेट पुन्हा कॉम्प्युटरमध्ये घेतली, अख्खं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. ताट अंड्याचं अंडंच. शेवटी माझ्या त्या लाडक्या साच्याच्या सेटिंगमध्ये गेलो. तो जुन्या, चौकोनी पडद्याचा होता. वाईडस्क्रीन नावाच्या एका ओळीसमोर खूण केली आणि ताट गरगरीत गोल झालं. कपाट फुगून चार फुटांचं झालं. चूक कॅमेऱ्याची नव्हती, बटणाची नव्हती, मामांची तर नव्हतीच.

नवी सीडी घेऊन मी व्याह्यांकडे गेलो. खालीवर काळ्या पट्ट्या आल्या होत्या, त्या अशुभ तर नाहीत ना अशी चौकशी झाली. सिनेमालाही असतात म्हटल्यावर मिटलं. आणि मी काय सांगितलं? "कॅमेऱ्यातली चूक कॉम्प्युटरवर दुरुस्त केली." मला चहा मिळाला, शाबासकी मिळाली. सगळ्यांत वाईट म्हणजे मामाच गावभर सांगत फिरले, "भाच्यानं लाज राखली माझी." त्यांना मात्र लोक बारीक शूटिंगवाले म्हणायला लागले. पुढच्या लग्नसराईत त्यांना दोन लग्नं मिळाली, त्याच्या पुढच्या सराईत एकही नाही. मग ते नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून घ्यायच्या कामाला जाऊ लागले. माझ्या स्वतःच्या लग्नात मी त्यांना कॅमेरा घ्या म्हणून गळ घातली, तर म्हणाले, "नको रे बाबा. तुझी बायको बारीक व्हायची." सगळे हसले. हळद लागलेल्या अंगाने मीही हसलो.

सांगायला मला पाच वर्षं लागली. एका दुपारी खोडदला त्यांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी सगळं सांगितलं, ताट, साचा, ती एक ओळ. शिव्या खायची पूर्ण तयारी करून गेलो होतो. मामांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हंजी बटण बरोबर दाबलं व्हतं मी?"

"हो मामा."

"आन् कॅमेरा?"

"कॅमेरा उत्तम होता."

त्यांनी ओट्यावरची टरफलं हाताने एका बाजूला सारली. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आत्याला लई बोललो रे मी. तुझ्या हट्टापायी घेतला, तुझ्या हट्टानं माझं नाव घालवलं, असं. जेवताना बोललो, पावण्यांदेखत बोललो. ती एका शब्दानं उलटून बोलली न्हाई."

मला वाटत होतं की माझं पाप माझ्यापुरतं आहे. ते या घरात पाच वर्षं दोन वेळा जेवायला बसत होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

आत्या शेतावरून आली, डोक्यावर गवताचा भारा. मामा उठले, तिच्या डोक्यावरचा भारा त्यांनी स्वतः उतरवून घेतला. हे त्यांनी पूर्वी कधी केल्याचं मी पाहिलं नव्हतं, आणि तिनेही बहुधा नसावं, कारण ती घाबरून म्हणाली, "काय झालं? कोण गेलं का?"

"कोण न्हाई गेलं. बस," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "भाचेराव, आता परत सांग. पहिल्यापासनं. आन् सावकाश सांग."

मी पुन्हा सांगितलं.  मामा माझ्याकडे पाहतच नव्हते. ओट्याच्या कडेला उकिडवे बसून ते सगळा वेळ आत्याच्या तोंडाकडे पाहत होते.