शेवटची चौकट

टॅबताई हे नाव तिला कचेरीतल्या लोकांनी ठेवलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता. कीबोर्डच्या डाव्या कडेला टॅब नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की फॉर्ममधल्या एका चौकटीतून पुढच्या चौकटीत उडी पडते. बाकीची दुनिया त्यासाठी माऊस हलवते, नाहीतर चाचपडत बसते. ताईची करंगळी मात्र आपली आपण तिकडे जायची. बावीस वर्षं एका वकिलाकडे टायपिंग केलेली बाई ती. क्लासमधल्या मास्तरीणबाईंनी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं, की रकाना भरला की हात पुढे. भरलेल्या रकान्यात घुटमळतो तो टायपिस्ट नव्हे.

वकील गेले, टाइपरायटर भंगारात गेले आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई टायरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, एका सॉफ्टवेअर कंपनीत फॉर्म तपासायला लागली. कंपनी म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक मालक, केस पिकलेला एक प्रोग्रामर आणि भिंतीला टेकवून ठेवलेले सहा कॉम्प्युटर. काही नवे, काही इतके जुने की सुरू करताना खोकल्यासारखा आवाज यायचा. प्रोग्रामरला सगळे चष्मेवाला म्हणत. सहाही कॉम्प्युटरवर वेगवेगळे ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरची पानं दाखवणारे प्रोग्राम. सहा जणांची सहा तोंडं.

पहिल्याच दिवशी चष्मेवाल्याने तिला समजावलं होतं. "ताई, असं धरा, एका खिडकीत सहा कारकून बसलेत. तुम्ही एकदाच सांगणार. एकजण तोंडातून अक्षर पडलं की लिहितो. दुसरा वाक्य संपायची वाट बघतो. तिसरा तुम्ही खिडकीवरून हललात की मग पेन उचलतो. सहाही वह्यांत सारखंच उतरलं पाहिजे, एवढंच आपलं काम."

"आणि एखादा झोपलेला असला तर?"

"तो शोधायलाच तर तुम्हाला ठेवलंय."

आणि तिने शोधले. एक ब्राउझर माऊसने चिकटवलेला मजकूर ऐकायचाच नाही, कारण त्याचं लक्ष फक्त बटणांच्या टकटकीकडे. दुसरा जुना पत्ता आपणहून भरून द्यायचा; माणसाच्या डोळ्याला चौकट भरलेली, प्रोग्रामच्या लेखी रिकामी. फोनवर बोलून लिहिलेलं अर्धंच पोचायचं. सापडलेली प्रत्येक चूक ती एका जाड वहीत तारीख घालून लिहायची. तीनशे बारा झाल्या होत्या.

"ताई, माझी सासूसुद्धा एवढ्या खोड्या काढत नाही हो," चष्मेवाला म्हणायचा.

"तुझ्या सासूला त्याचा पगार कुठे मिळतो?"

कॉलेजचं तोंड न पाहिलेली बाई शिकलेल्यांच्या चुका काढते, ही गोष्ट तिला आतून ऊब द्यायची. का देऊ नये? फॉर्म नीट नाही म्हणून परत पाठवलेली माणसं तिने वकिलाच्या पायरीवर बावीस वर्षं पाहिली होती. चूक कागदाची असली तरी मान खाली घालून जायचा तो माणूसच.

तिला सख्खं म्हणावं असं एकच माणूस होतं, दादा. तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, ट्रकचा मेकॅनिक, पान्यासारखी जाड बोटं. लहानपणी टायपिंगच्या क्लासला तो तिला सायकलवर डबलसीट सोडायचा आणि क्लास सुटेपर्यंत बाहेर उभा राहायचा, कारण कोपऱ्यावरची टवाळ पोरं त्याला ओळखून होती. आता त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. "इंजिन ठणठणीत आहे," तो सांगत फिरायचा, "नुसता एक व्हॉल्व्ह गळतोय." पण जिना चढला की तिसऱ्या पायरीवर थांबायचा आणि भिंतीवरचं काहीतरी वाचतोय असं दाखवायचा.

मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची यादी होती. नंबर लागला की तिथून फोन यायचा. एका दिवसात तीनदा. नाही उचलला, तर पुढच्या माणसाला बोलावणार आणि आपलं नाव यादीच्या तळाला जाणार. दादाचा नंबर जवळ आला होता, आणि नेमका तेव्हाच त्याचा फोन गॅरेजातल्या ऑइलच्या डब्यात पडला. नवीन फोन, नवीन नंबर. तो इस्पितळाला कळवायला हवा होता.

माहिती बदलायचा इस्पितळाचा तो फॉर्म ताईच्याच कंपनीने बनवला होता. तिने तो सहाही कॉम्प्युटरवर मिळून एकशे ऐंशी वेळा भरला होता. सर्वांत वर नाव, मग पत्ता, सगळं आधीचं आपोआप आलेलं. जे बदललं असेल तेवढंच बदलायचं. शेवटच्या चौकटीत फोन नंबर.

"चिमे, तूच भरून टाक ना," दादा म्हणाला होता. पन्नाशीच्या बाईला चिमी म्हणणारा जगात तो एकटाच.

"का? तुला हात नाहीत? इस्पितळाच्या व्हरांड्यात कॉम्प्युटर ठेवलाय, तिथेच भर. अरे, माझ्या हाताखालून गेलेला फॉर्म आहे तो. डोळे झाकून भर."

"डोळे झाकून कसा भरू? उघडे ठेवून भरतो."

त्याने भरला. एका बोटाने, एकेक आकडा ठोकत, आणि शेवटचा आकडा झाल्यावर एंटरचं मोठं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'आपली माहिती मिळाली.' घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "बहिणीचं काम एकदम पक्कं आहे बघ. एका झटक्यात गेलं."

पाच आठवडे फोन आला नाही. मग वहिनीच इस्पितळात चौकशीला गेली आणि पदर तोंडाशी धरून थेट ताईच्या कचेरीत आली.

"वन्सं, नंबर लागून गेला हो. तीनदा केला म्हणतात फोन. बंद लागला. नाव तळाला टाकलं. आता चार महिने."

ताई तशीच उठली आणि इस्पितळाच्या खिडकीवर जाऊन भांडली. कारकुनाने पडदा फिरवून दाखवला. जुनाच नंबर होता.

"फॉर्म भरलाय ना त्याने! तारीख सांगते मी तुम्हाला."

"फॉर्म आलाय, बाई. नंबर बदललेला नाही. मशीन खोटं बोलत नाही. माणसं वेंधळेपणा करतात आणि भांडायला इथे येतात."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर तिने त्याची सालटी काढली असती. पण तो फॉर्म तिचा होता. एकशे ऐंशी वेळा भरला होता तिने, एकदाही नंबर हरवला नव्हता. म्हणजे दादाच चुकला. ती सरळ त्याच्या घरी गेली. दादा खाटेवर उशीला टेकून बसला होता.

"दहा आकडे, दादा! दहा आकडे धड लिहिता आले नाहीत तुला? पाठवायच्या आधी एकदा बघायचं तरी. तुझ्यामुळे त्या दीडदमडीच्या कारकुनासमोर मला खाली बघायला लागलं!"

"लिहिला होता गं," दादा म्हणाला. मग आपल्या जाड बोटांकडे बघत, "लिहिला होता असं वाटतंय."

वहिनी दारात उभी होती. तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली.

दोन दिवसांनी ताई पुन्हा इस्पितळात गेली, आता विनवणी करायला. साहेब भेटायचे होते म्हणून ती व्हरांड्यात बाकावर बसली. समोर तोच लोकांसाठी ठेवलेला कॉम्प्युटर. एक म्हातारी चष्मा पुसून फॉर्म भरत होती. शेवटच्या चौकटीत तिने आकडे लिहिले आणि तिथूनच, थेट, एंटर दाबलं.

ताई बाकावरून उठली. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. एकशे ऐंशी वेळा. प्रत्येक वेळी शेवटचा आकडा पडला की करंगळी टॅबवर. चौकटीतून बाहेर पडायचं, मग पाठवायचं. आतूनच एंटर, असं तिने जन्मात कधी केलं नव्हतं.

साहेबांना न भेटताच ती कचेरीत आली आणि पाच नंबरच्या कॉम्प्युटरसमोर बसली. इस्पितळातला जुना ब्राउझर त्याच्यावरच होता. नवीन नंबर लिहिला, टॅब, पाठवला. नोंद नवीन. पुन्हा लिहिला, आतूनच एंटर. नोंद जुनी. आणि पडद्यावर तेच गोड वाक्य, 'आपली माहिती मिळाली.' बाकीच्या पाचांवर एंटर दाबूनही नंबर नीट जात होता.

चष्मेवाला मागे येऊन उभा राहिला. त्याला सांगावं लागलं नाही.

"पहिल्या दिवशी सांगितलेला तिसरा कारकून तो हाच," तो हळू म्हणाला. "खिडकीवरून हलल्याशिवाय पेन उचलत नाही. बाकीचे पाठवायच्या आधी बदल टिपून घेतात. हा आधी पाठवतो. चौकट बदलली की ब्राउझर निरोप देतो, मी त्यावर विसंबून राहिलो. पाठवताना चौकटीत काय आहे ते पुन्हा वाचून घ्यायला हवं होतं." त्याने खुर्ची ओढली. "एका ओळीचं काम आहे, ताई."

खरंच एका ओळीचं होतं. दहा मिनिटांत झालं.

मालकाने दार लावून घेतलं. "झालं ते झालं. दुरुस्त केलंय ना? मग बोभाटा कशाला?"

"आणि ज्यांचे नंबर गेले ते?"

"ते कोण, तुम्हाला काय माहीत?"

"माहीत करून घेता येतं. त्या कॉम्प्युटरवरून काहीही न बदलता पाठवलेले फॉर्म काढा. माणूस रांग लावून फॉर्म उघडतो तो काहीतरी बदलायलाच ना? काही न बदलता कोण कशाला पाठवेल? तीच ती माणसं."

मालकाने तोंड वाकडं केलं. पण ताईने जाड वही उघडून त्याच्या देखत लिहिलं, 'तीनशे तेरा. पाच नंबरवर एंटर दाबल्यास शेवटची चौकट पोचत नाही. तपासणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटली.' आणि वही काखेत मारून इस्पितळात निघाली. असल्या बाईला अडवणार कोण?

सदतीस माणसं निघाली. त्यांत दादा एकोणिसावा.

पुढचे नऊ दिवस ती इस्पितळातल्या खोल्या-खोल्यांतून भांडत फिरली. या साहेबाकडून त्या साहेबाकडे, त्यांच्याकडून समितीकडे. चूक फॉर्मची होती अशी पत्रं सदतीस जणांच्या नावाने निघाली, एवढं तिने करवून घेतलं. पण हुकलेला नंबर परत द्यायचा की नाही यावर समितीचं अडलं होतं. "ज्यांना मधे बोलावलं त्यांची ऑपरेशनं उसवू का आता?" एक डॉक्टर म्हणाला. तोही खोटं बोलत नव्हता.

आणि रोज संध्याकाळी ती दादाकडे जाऊन बसायची. त्याचं बोलणं आता दोन-तीन शब्दांवर आलं होतं.

"चिमे, अजून चिडलीस?"

"नाही रे."

एवढंच. चूक तुझी नव्हती, माझी होती, हे पाच शब्द रोज तिच्या ओठांपर्यंत यायचे. पण नुसती चूक घेऊन कसं जायचं? नंबर परत मिळवते, मग दोन्ही एकदमच सांगते, असं तिने ठरवलं होतं. हात हलवत माफी मागायला जाणं तिच्या रक्तातच नव्हतं. त्याच्या पत्राचंही तिने इस्पितळाला सांगून ठेवलं होतं, तेवढं एक मी स्वतः नेऊन देते. ते तिच्या पिशवीत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी वहिनीने कचेरीत फोन केला. ताई पोचली तेव्हा दादाच्या अंगावर चादर ओढलेली होती आणि शेजारीण खिडकी उघडत होती.

आठवड्याने, माणसांची ये-जा थांबल्यावर, वहिनीने तिच्यापुढे एक वही ठेवली. गॅरेजातली, कडेला ऑइलचे डाग पडलेली.

"उशीखाली होती," वहिनी म्हणाली. "बघा."

ताईने पान उलटलं. जाड पेन्सिलीने, मुलाच्या शुद्धलेखनासारखे, नवीन फोन नंबरचे दहा आकडे. ओळीखाली ओळ. पानामागून पान.

"रोज लिहायचे. मी म्हटलं, हा काय उद्योग? तर म्हणाले, चिमी ओरडली ते बरोबरच आहे. पुढच्या वेळी फॉर्म भरताना चुकायला नको. माझ्यापायी तिला खाली बघायला लागलं."

ताईने शेवटपर्यंत पानं उलटली. एकही आकडा चुकला नव्हता. शेवटच्या पानावर हात थरथरला होता, तिथेही.

मग तिने सांगितलं. पिशवीतलं पत्र काढलं, उघडून वहीवर ठेवलं आणि व्हरांड्यातल्या म्हातारीपासून सगळं सांगितलं. आवाज कचेरीतल्यासारखा कोरडाच राहिला. दुसरा आवाज तिला काढता येईना.

"कधी कळलं तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

"दादा जायच्या नऊ दिवस आधी."

"नऊ दिवस."

वहिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ताईला भांडता येत होतं, भांडण झेलताही येत होतं. पण वहिनीने वही उचलून पदराने पुसली.

"चूक काय हो, वन्सं, कोणाकडूनही होते. तुमच्या कामाला त्यांनी कधी नावं ठेवली नसती. हसले असते. म्हणाले असते, आमच्या चिमीच्या हातूनपण निसटतं तर." तिने वही मिटली. "पण रोज येऊन बसत होतात ना तुम्ही. ते तिथे, तुम्ही इथे. आणि उशीखाली ही वही."

ती आत गेली. मोरीतला नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. ताई पत्राची घडी घालायला गेली, पण घडी जमेना, म्हणून तिने ते तसंच उघडं राहू दिलं. त्यावर दादाचं पूर्ण नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, की आपण दिलेला नंबर बरोबर होता.