राखेची डोण

चहा घ्या आधी, गार होईल. आणि ऐका. माणसाची फजिती त्याच्या चुकीमुळे होते, असं आपण समजतो ना? माझी झाली ती कौतुकामुळे! तीही सासुरवाडीला, भर जत्रेत, बायकोच्या देखत. आता बोला!

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरीला तेव्हा नुकते कारखाने यायला लागले होते. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. सोलापूरकडून आलेला, आणि अंगानं असा, की शर्ट माझ्या अंगात आहे का खुंटीला टांगलाय, हे लांबून कळू नये. बायको सुलोचना, चऱ्होलीची. तिचे वडील तात्या म्हणजे जुने पैलवान. दारातून आधी छाती यायची, मग मागून तात्या.

नोकरी बघून त्यांनी मला मुलगी दिली खरी. पण मला बघून घरी गेल्यावर सासूबाईंना म्हणाले होते, "पोरगा बरा हाय. वाऱ्याबिऱ्याचा जरा संबाळावा लागंल, येवढंच."

हे सुलोचनानंच मला सांगितलं, लग्नानंतर, हसत हसत. मीही हसलो. पण खरं सांगू? ते कुठंतरी रुतून बसलं.

तर सुलोचनाला बागेची भारी हौस. क्वार्टरच्या मागं हातभर परस होतं, तिथं तिनं कुंड्या मांडल्या. मातीच्या कुंड्या, त्या फुटायच्या. सिमेंटच्या आणाव्यात तर जागच्या हलेनात. अशात एका बांधकामावर मिस्त्रीशी गप्पा मारताना मला कळलं, की खडीच्या ऐवजी बॉयलरमधले जळक्या कोळशाचे खडे सिमेंटमध्ये घातले, तर काँक्रीट होतं पण हलकं होतं. आणि आमच्या कारखान्याच्या मागं तर असल्या राखेचा आणि खड्यांचा डोंगर! कुणी विचारत नव्हतं त्याला.

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला.

पहिली कुंडी साच्यातून काढली ती मूठभर भुकटी होऊन. दुसरी निघाली, पण माझ्या अंगठ्यावर पडली. मग मी राख चाळून घ्यायला लागलो, लाकडाचा भुसा चुन्याच्या पाण्यात भिजवून मिसळायला लागलो, आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घालायला लागलो. हळूहळू हात बसला. मग काय विचारता! कासव केलं, बेडूक केला, मोर केला. शेजारच्या काकू मोराकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोंबडी मात्र हुबेहूब साधलीय हो!"

पण शेवटी एक वस्तू अशी साधली, की मीच बघत बसलो. गुरांना पाणी पाजायची दगडी डोण असते ना, तशी लांबरुंद डोण. राखेमुळं काळीकुळकुळीत. ओली असतानाच वरून छिन्नीचे घाव केल्यासारख्या रेघा ओढल्या होत्या. दिसायला अस्सल काळा दगड, आणि वजन? सुलोचना ती कमरेवर घेऊन परसभर फिरली!

"अहो, ही आईला देऊ या," ती म्हणाली. "झेंडू लावील दारात. आणि तात्यांनाही कळू दे की, तुमच्या हातात काय आहे ते."

शेवटचं वाक्य तिनं सहज म्हटलं. पण मला ते गोड लागलं.

जत्रा होती म्हणून सुलोचना आधीच माहेरी गेली. मी मागून सायकलवर निघालो, कॅरियरला डोण बांधून. गाव जवळ आलं आणि सुतळी तुटली. म्हटलं, आता राहिलंच किती! डोण घेतली खांद्यावर, एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं सायकल ढकलत, शीळ घालत गावात शिरलो.

पारावर तालमीतली मंडळी बसली होती. माझी शीळ त्यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांच्या गप्पा थांबल्या. सगळे उठून उभे राहिले. आजवर मला बघून कुणी उभं राहिलं नव्हतं. आमच्या साहेबांचा कुत्रासुद्धा नाही!

"ह्ये तात्यांचं जावई न्हवं?" एकानं विचारलं.

"होय, मीच."

त्यांच्यातला एक मिशीवाला पुढं आला. "पाव्हणं, ह्ये... ह्ये तुमी घरीच करता व्हय?"

मला काय वाटणार? डोण दिसली, काम आवडलं! म्हटलं, "घरीच. परसात. रोज सकाळी, कामावर जायच्या आधी."

"कुनी शिकिवलं?"

"शिकवायला कोण येतंय? आपलं आपणच."

"आन् सुरवातीलाच जमलं?"

"छे हो! सुरवातीला अंगठा फुटला. मग लहान लहान करत गेलो. आता ही एवढी मोठी म्हणजे काहीच वाटत नाही."

"काईच वाटत न्हाई!" मिशीवाला मागं वळून सगळ्यांना म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

"पुढच्या खेपेला याच्या दुप्पट करायचा विचार आहे," मी सांगून टाकलं.

तुम्हीच सांगा, यात मी एक शब्द तरी खोटा बोललो का?

घरी पोचलो. सासूबाईंनी हौसेनं डोण दारात ठेवून घेतली. थोड्या वेळानं तात्या पारावरून आले. आल्या आल्या डोणीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा डोणीकडे. आणि आपलं घोंगडं माझ्यासाठी स्वतःच्या हातानं अंथरलं.

"बसा, पाव्हणं. अवो, दुदात तूप घालून आना!"

जेवताना भाकरीवर भाकरी पडत होती. मी नको म्हटलं की, तात्या आणखी वाढायला सांगत होते. शेवटी हात धुताना ते हळूच म्हणाले, "मी तुमाला वळखलंच न्हाई. मानूस वरनं बघून चालत न्हाई."

फाईलींत आकडे भरणारा मी. माझ्या हातांना कधी कुणी काही म्हटलं नव्हतं. सुलोचना दाराआडून बघत होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या म्हणाले, "चला, पाव्हणं. सारं गाव वाट बघतंय."

मला वाटलं, सत्कार असेल. शर्ट इस्त्रीचा घातला!

मारुतीच्या देवळापुढं गावाचा गोल भरला होता. मधोमध एक गोटी. गोटी म्हणजे खेळायची नव्हे हो! हा एवढा गोल दगड. जत्रेत तो खांद्यावर घ्यायचा आणि ताकद दाखवायची. पहिली गोटी उचलायचा मान दरवर्षी तात्यांचा. तात्या गोलात शिरले, फेटा सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाले, "औंदा माजा मान आमच्या जावयाला!"

हलगी कडाडली. आणि आत्ता, आत्ता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पारावरचं सगळं बोलणं उलटं फिरून माझ्या अंगावर आलं. घरीच करता... अंगठा फुटला... दुप्पट करायचा विचार आहे!

पळावं तर गोलाला फट नव्हती. बायकांमध्ये सुलोचना उभी होती. तिलाही आत्ताच कळलं असावं, तिनं तोंडाला पदर लावला होता. आणि तात्या माझ्याकडे असे बघत होते, की त्यांचं मन मला मोडवेना. म्हणून मी वाकलो. दगडाला दोन्ही हातांनी कवटाळलं, जोर केला. दगड जागचा हलला नाही. मीच त्याच्याभोवती अर्धा वळसा फिरून पलीकडे गेलो.

कुणीतरी ओरडलं, "पाव्हणं, मिठी मारू नगा, उचला!"

मी उभा राहिलो. म्हटलं, "तात्या, ती डोण दगडाची नाही. राखेची आहे. मी उचलतो ते नव्हे, मी बनवतो ते सांगत होतो."

कुणाला काही कळेना. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुलोचना कधी निसटली होती कोण जाणे. ती घरून डोण डोक्यावर घेऊन आली, हात सोडून! आणि गोलात येऊन तिनं ती एका म्हातारीच्या हातात दिली. म्हातारीनं ती बोटांवर तोलली.

मग जो हशा उसळला, तो आळंदीपर्यंत गेला असेल. हलगीवाला हसून खाली बसला. लोक डोण एकमेकांकडे फेकायला लागले. त्या गोंधळात तालमीतल्या एका तरण्यानं गोटी उचलून टाकली आणि जत्रा पुढं सरकली. एकटे तात्या हसले नाहीत.

संध्याकाळी ते मला वाटेला लावायला आले. ओढ्यापाशी मी म्हटलं, "तात्या, माझ्यामुळं तुमची मान खाली गेली."

"खाली?" ते थांबले. "पाव्हणं, कुनाला सांगू नगा. मागल्या म्हयन्यात मी गोटी उचलून बगितली. उठली न्हाई. आता मान सोडायचा तर कंच्या तोंडानं सोडू? तेवढ्यात तुमी ती डोन खांद्यावर घिऊन आला. देव पावला म्हटलं."

मी सायकल झाडाला टेकवली.

"तुमच्या हशात माजं झाकलं बगा. कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई, की तात्यानं औंदा हात लावला न्हाई." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. एवढा मोठा माणूस, पण लहान मुलासारखा चोरटा झाला होता. "राखंची येक गोटी जमंल का वो? पुढल्या सालाला?"

आता पैलवानानं माझ्याकडे हात पसरावा! मी म्हटलं, "त्यात काय!"

कामाला लागलो. गावच्या गोटीएवढा गोल साचा केला, राख चाळली. पण मनात भीती. गोटी खांद्यावरून खाली टाकतात. ही भर गावात फुटली तर? म्हणून जरा सिमेंट वाढवलं. तरी धीर होईना, आणखी वाढवलं. हलकी व्हावी म्हणून आत ठेवलेली पोकळी भरून काढली. खडी घातली, जुने लोखंडी तुकडे घातले. राख उरली ती चवीपुरती! गोटी मात्र अशी सुरेख झाली की बघत राहावं. मी ती उचलून बघायला गेलो तर उठेना.

तात्या बैलगाडी घेऊन आले तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी गोटीभोवती एक फेरी मारली, वाकले, एक हुंकार दिला आणि गोटी खांद्यावर! चेहरा कसा उजळला होता त्यांचा!

"लईच हलकी केली की वो! लोकांना संशय यील!"

"हो ना," मी म्हटलं. "हलकीच केलीय."

"धरा, गाडीत ठिवा," म्हणून त्यांनी ती सहज माझ्या हातांत दिली.

मी गोटीसकट जमिनीवर बसलो. पाय पसरून, गोटी मांडीवर, आणि उठता येईना.

तात्यांनी वरून माझ्याकडे बघितलं, मग गोटीकडे. काय ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी हळूच आपल्या दंडावरून हात फिरवला. मग गोटी माझ्या मांडीवरून उचलली आणि फार मायेनं म्हणाले,

"पाव्हणं, आता तुमच्यासाटी येक करा. निस्ती राखंची."