घोटे ओळखणारे काका

माणसाला चेहरा दिलाय तो निव्वळ हा घोटा कुणाचा हे लक्षात राहावं म्हणून, असं मानणारा एकच माणूस वर्धा जिल्ह्यात होऊन गेला. ते म्हणजे वर्ध्याच्या दवाखान्यातले आमचे प्लास्टरवाले काका. ऑपरेशन मोठे डॉक्टर करीत, पण टाके घातलेला पाय प्लास्टरमध्ये बंद करणं आणि वेळेवर सोडवणं काकांकडे. भुवयांपर्यंत पांढरे होऊन ते काम करीत आणि प्लास्टर सुकलं की त्यावर निळ्या पेन्सिलीने काढायची तारीख लिहून खाली स्वतःची सही ठोकत. लग्नात लोक नवरीकडे बघत, काका नवरदेवाच्या चालीकडे. अल्लीपूरच्या एका लग्नात त्यांनी भर पंगतीत वधूपित्याला सांगितलं, की पोरगा गुणी आहे पण डावा घोटा कच्चा आहे. लग्न व्यवस्थित लागलं. काकांच्या पानात बुंदी मात्र पुन्हा कुणी वाढली नाही.

मला हिंगणघाटच्या एका मिलमध्ये नोकरी लागली ती कबड्डीमुळे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मिल खेळाडूंना पगार देई आणि बदल्यात स्पर्धेत जिंकलेली ढाल मागे. एका चढाईत माझा पाय असा मुरगळला की घोट्याचं लिगामेंटच तुटलं. ऑपरेशन झालं, काकांनी सहा आठवड्यांनंतरची तारीख टाकली, आणि पाचव्या आठवड्यात अंतिम सामना आला. मॅनेजरांनी मला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टर बाहेरगावी होते. मॅनेजर काकांना म्हणाले, कापा प्लास्टर, पट्टी घट्ट बांधा, हा नुसता मैदानात उभा राहिला तरी समोरचे घाबरतील. मीही गयावया करू लागलो, कारण खेळलो नाही तर नोकरीची खात्री नव्हती. काकांनी तारखेवर बोट ठेवलं. मग प्लास्टरची कात्री पिशवीत टाकली, पिशवी सायकलला अडकवली आणि मला म्हणाले, “नोकरी गेली त दुसरी भेटन, बाबू. घोटा कुठून आणशीन?” आणि भरदुपारी नालवाडीला घरी निघून गेले.

ढाल हुकली. माझी रवानगी गोदामात झाली आणि मी काकांशी अबोला धरला. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ठरल्या तारखेला त्यांनी प्लास्टर कापलं आणि दर रविवारी मला घरी बोलावू लागले. अंगणभर रांगोळी पसरून ते मला त्यावरून अनवाणी चालवत आणि उमटलेल्या पावलांपुढे उकिडवे बसत. “बाहेरच्या कडंवरच चालून राह्यला तू. काऊन भेतं त्या पायाले?” दिवाळीपुरती तरी रांगोळी ठेवा, असं काकू आतून सांगत.

आठ महिन्यांनी पहिल्याच चढाईत मी तिघांना बाद करून परतलो. मैदान दणाणलं. गुण किती झाले हे काकांना ठाऊकच नव्हतं, त्यांनी विचारलं ते एवढंच, की दुखतं का. त्या पायावर मी पुढे नऊ वर्षं खेळलो आणि विचारेल त्याला अभिमानाने काकांचं नाव सांगितलं.

काका गेले तेव्हा नालवाडीला गेलो. बोलता बोलता काकूंनी सांगितलं, की मॅनेजरने तक्रार केली होती. माझं प्लास्टर काढल्यावर आठवड्याभरात काकांना प्लास्टरच्या खोलीतून उचलून दवाखान्याचे धुण्याचे कपडे मोजायला बसवलं, ते दीड वर्ष. “त्याले सांगू नोको म्हणत. पोरगं भिऊन पाय टाकन.”

त्या प्रत्येक रविवारी काकांनी माझ्या पायाची चौकशी केली होती. तुमचं कसं चाललंय काका, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.